बायकांच्या खोलीचा प्रश्न मी सोडवते

३ मार्च, सोमवार

नव्या वहीचं पहिलं पान. एकच संकल्प. आजपासून कुणाची थट्टा करायची नाही. सूनबाईला सांगितलं. ती म्हणाली, मग बोलणार काय? हिला वाटतं माझ्याकडे दुसरा विषयच नाही. हे असते तर त्यांनी माझी बाजू घेतली असती. म्हणजे गप्प बसले असते. बाजू घ्यायची त्यांची तीच पद्धत होती.

संकल्प दुपारपर्यंत टिकला. मग लाँड्रीत, आमच्या बायकांच्या खोलीत बुडबुडा कपडे बदलत होती. बुडबुडा म्हणजे आमची वॉशरवाली. दिवसभर हात साबणात आणि बोलणं फेसाळ. तिच्या पाठीकडे बघून तोंडून गेलं, अगं, धुतल्यावर चादर आकसते, तू का फुगतेस? पण ही थट्टा नव्हे, निरीक्षण आहे. संकल्प शाबूत.

५ मार्च, बुधवार

खोलीबद्दल एकदा नीट लिहून ठेवते.

आमची लाँड्री मोठी. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी येतात. वॉशर, ड्रायर, इस्त्रीचा रोलर, मग आमच्या घडी विभागात. तिथून ट्रक. सगळं काम ओलं नाहीतर घामाचं. म्हणून आल्यावर घरचे कपडे काढून युनिफॉर्म घालायचा आणि जाताना उलट. त्यासाठी बायकांची एक खोली. एक बाक, लॉकर, आरसा, आतून कडी.

या खोलीची मी एका अर्थाने प्रमुख. कुणी नेमलं नाही, पण कोंबड्याला कुणी नेमावं लागतं का? बाकावर मधोमध बसते, तिथून सगळ्या दिसतात. एकेकीची विचारपूस करते. कोण सुटली, कोण वाळली, कुणाचं आतलं उसवलंय, कुणाच्या दंडावर कसला वण. माझ्यामुळे खोलीत किती मोकळं वातावरण आहे! शिस्तही तशीच. बायका आत येतात, भिंतीकडे तोंड करून बदलतात आणि पाखरासारख्या भुर्रकन बाहेर. दुसरीकडे इतक्या चपळ बायका बघायला मिळायच्या नाहीत. दोघी-तिघी तर घरूनच आत युनिफॉर्म घालून येतात. कामाचा उत्साह, दुसरं काय.

१० मार्च, सोमवार

साहेबांनी सगळ्यांना रोलरपाशी बोलावलं. म्हणाले, घडी विभागात एक नवीन बाई येतेय. मग घसा खाकरला. मग म्हणाले, ती ट्रान्सजेंडर आहे. म्हणजे जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलगा म्हणून नाव लावलं, पण ती बाई आहे, कागदपत्रं पण बाईचीच आहेत, तर सगळ्यांनी समजून घ्यावं. काही प्रश्न? एवढं बोलून, कुणी तोंड उघडायच्या आत ट्रक आला ट्रक आला म्हणत पळाले. ट्रक आला नव्हता.

मागोमाग ती आली. बाप रे, काय उंची! दारातून येताना वाकली. मी तिथल्या तिथे नाव ठेवलं, शिडी. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं, त्याला वेळ लागला नाही. म्हणाली, चालेल मावशी, शिडी म्हटली की खालून धरायला कुणीतरी बुटकं लागतंच.

बायका खो खो हसल्या. जरा जास्तच हसल्या. जिभेला धार आहे पोरीच्या. बघून घेऊ.

बुडबुडाने तिला विचारलं, तुला तृतीयपंथी म्हणायचं का ट्रान्स बाई का अजून काही? ती म्हणाली, नुसतं बाई म्हणा, तोंड दुखणार नाही.

कपडे बदलायला साहेबांनी तिला सध्यापुरती ब्लीचच्या ड्रमांची कोठडी दिलीय. बाहेर आली तेव्हा डोळे लाल आणि खोकत होती. पहिला दिवस. गहिवरली असेल.

११ मार्च, मंगळवार

शिडी माझी जोडीदारीण. चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक मिळवायचं. म्हणजे दिवसभर समोरासमोर. नवरा-बायको इतक्या वेळा समोरासमोर येत नाहीत, आले तरी हातात टोक नसतं.

तिची बाजू आभाळात, माझी जमिनीवर. सगळी चादर घसरून माझ्या डोक्यावर. दवाखान्याच्या चादरीत गुंडाळलेल्या मला बघून रोलरवरच्या म्हणाल्या, मावशीला डिस्चार्ज कधी? मग शिडी स्वतःच गुडघ्यात वाकून काम करायला लागली. मी म्हणाले, कमरेची वाट लागेल. ती म्हणाली, तुम्ही चार इंच वाढा, मी सरळ होते.

माझ्याशी असं बोलायची हिंमत आजवर कुणाची झाली नव्हती. वळण लावावं लागेल.

१३ मार्च, गुरुवार

डब्याच्या सुट्टीत पेटलं.

बुडबुडा म्हणाली, ब्लीचच्या कोठडीत माणूस ठेवतात का? येऊ द्या तिला आपल्या खोलीत, सगळ्या सारख्याच ओल्या. मग कडी बोलली. कडी रोलरवर असते. खोलीत शिरली की आधी दाराला कडी घालते आणि दोनदा ओढून बघते, म्हणून कडी. एरवी दिवसभरात चार शब्द बोलत नाही. म्हणाली, मला नको.

बुडबुडा तापली. तिने कडीला मागासलेली म्हटलं. कडी म्हणाली, म्हण. माझं तिच्याशी काही वाकडं नाही. पण माझ्या घरी एकच खोली, सासरे, दोन दीर, आणि न्हाणीला दार नाही, पोतं लावलंय. दिवसभरात ही एकच जागा आहे जिथे मी कडी लावून उभी राहते. तिथे मला नवीन कुणी नको. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

शिडी कोपऱ्यात डबा खात होती, तिला सगळं ऐकू गेलं असणार. डबा बंद करून ती म्हणाली, मलाही कडी लावून उभं राहायचंय, एवढंच.

मला वाटलं वातावरण हलकं करावं. म्हणाले, मग दोघी मिळून एकच कडी लावा, माझी ना नाही. कुणी हसलं नाही. मूड गेलेला होता.

संध्याकाळी साहेबांनी फर्मान काढलं. महिनाअखेरपर्यंत तुमचं तुम्ही ठरवा. सगळ्यांचं जमलं तर खोली तिची पण. नाही जमलं तर तिला ट्रकमध्ये माल चढवायच्या धक्क्यावर टाकतो. धक्क्यावर सगळे पुरुष. एक उघडा नळ, आडोसा म्हणून टायर. शिडी म्हणाली, तिकडे टाकलंत तर दुसऱ्या दिवशी मी येणार नाही. आधीच्या दोन नोकऱ्या अशाच खोलीपायी गेल्या.

प्रश्न बिकट आहे. शहाणं, तटस्थ, सगळ्यांना हवंहवंसं माणूस मध्ये पडायला पाहिजे. उद्यापासून पडते.

१५ मार्च, शनिवार

योजना पहिली. पाळ्या. ज्यांना शिडी चालते त्यांची एक पाळी, ज्यांना चालत नाही त्यांची दुसरी. मी अर्थातच दोन्हींत, देखरेखीला.

एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. पहिली म्हणाली, मला तुम्ही नसाल ती पाळी द्या. दुसरी तेच. तिसरी तेच. बुडबुडा म्हणाली, शिडीबरोबर चालेल, कुणाबरोबरही चालेल, फक्त. आणि थांबली. माझ्यावर कामाचा ताण पडू नये याची किती काळजी करतात! पण असं कसं चालेल? मी नसलेली पाळीच नाही. योजना बारगळली. बायकांच्या अति प्रेमामुळे.

१७ मार्च, सोमवार

योजना दुसरी. माहिती काढणे. माणसाला माहिती नसते म्हणून भीती वाटते. मी शिडीला सगळं विचारायचं आणि बायकांना सांगायचं.

घड्या घालता घालता सुरुवात केली. ऑपरेशन झालं का? कुठपर्यंत झालं? दाढी येते का? खाली काय? ती चादर ताणून उभी राहिली. मग टोकाला टोक द्यायला आली आणि नाकासमोर येऊन शांतपणे म्हणाली, मावशी, तुमचं गर्भाशय आहे का काढलं? दात खरे किती? मिशी ओढता का दोऱ्याने काढता? आणि काका गेल्यापासून तुम्ही एकट्या कशा झोपता?

मी चादर सोडून दिली. काय हा आगाऊपणा! असं कुणी कुणाला विचारतं का? चारचौघांत? हे गेल्यापासूनचं माझं मी बघीन, हिला काय करायचंय? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, अशी माणसं मला अजिबात आवडत नाहीत.

दिवसभर तिच्याशी बोलले नाही. घड्या मात्र छान पडल्या.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी शिडीने माझ्या बाजूला एक पालथा क्रेट आणून ठेवला. मी चढले. दोघी एका उंचीच्या झालो. तिच्या कमरेला बरं, माझ्या मानेला बरं.

खोकला वाढलाय तिचा. कोठडीतून येते तेव्हा नाक पुसत असते. गहिवर एवढे दिवस टिकत नाही. ब्लीच असणार.

२० मार्च, गुरुवार

योजना तिसरी, आणि ही अशी सुचली की मलाच माझं कौतुक वाटलं. पडदा!

खोलीच्या कोपऱ्यात दोरी बांधायची, बाद झालेली चादर टाकायची, झाला आडोसा. शिडी पडद्याआड बदलेल. कडीला कुणी दिसणार नाही, कडी कुणाला दिसणार नाही. साप मेला, काठी शाबूत. हे रोलरपाशी उभी राहून मोठ्याने जाहीर केलं. शिडी म्हणाली, चालेल. कडी म्हणाली, जाड चादर असेल तर बघू.

बघू! कडी बघू म्हणाली! मी त्याच संध्याकाळी दवाखान्याची बाद चादर टाकून पडदा लावला.

२१ मार्च, शुक्रवार

पडद्याला अभूतपूर्व प्रतिसाद.

लावला शिडीसाठी, पण सगळ्याच त्याच्या आड जातायत! सकाळी चक्क रांग. बुडबुडा आत, तिच्यामागे रोलरवरच्या, त्यांच्यामागे कडी. शिडी कोठडीतून बाहेर येऊन शेवटी रांगेत. आतल्या बायका हळू बदलायला लागल्या. कुणी गाणं गुणगुणत होती. इतकी वर्षं मी इथे आहे, खोलीत गाणं ऐकलं नव्हतं. बाकावर मी एकटी. मधोमध. समोर चादर.

एवढी सुंदर कल्पना राबवल्यावर थोडा एकटेपणा यायचाच. मोठ्या माणसांना येतो.

२२ मार्च, शनिवार

घड्या फार झाल्या या आठवड्यात. हाताला सवयच लागलीय. काल पहाटे मुलाच्या अंगावरची चादर दिसली, ओढली, झटकली, चौपदरी घालून कपाटात ठेवली. तो उघडा पडून शिंकला. सूनबाई म्हणाली, एक दिवस तुम्ही मुलाचीच घडी घालाल. तिचीही जीभ हल्ली चालायला लागलीय. ही आंघोळीला गेली की बाहेरून मी गप्पा मारते, तर नळ मोठा सोडते. पाण्याची केवढी नासाडी.

२४ मार्च, सोमवार

पडदा गायब!

सकाळी दोरी तेवढी लोंबत होती. शिडी दारात येऊन परत कोठडीत गेली. कडी घरून घालून आलेल्या कपड्यांतच रोलरवर उभी राहिली.

चोर कोण? पडदा नको असलेलं माणूस. मला कडीचा संशय. तिला सरळ विचारलं, तर म्हणाली, मावशी, पडदा सगळ्यांत जास्त मलाच हवाय, मी कशाला काढू? चोर असंच बोलतो.

दुसरी चादर लावली.

२५ मार्च, मंगळवार

दुसराही गायब. कट आहे.

साहेबांना दवाखान्यातून फोन आला. बाद म्हणून काढलेली, डाग पडलेली चादर इस्त्रीच्या चादरींत परत आली, तीही झकास चौपदरी घडीत. साहेब ओरडले, हे कुणाचं काम? मी म्हणाले, घडी झकास आहे म्हणजे आमच्या विभागातल्या कुणाचं नाही, आमच्याकडे एवढा वेळ नसतो. साहेबांना पटलं.

बुडबुडा माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती. तिच्यावरही लक्ष ठेवायला हवं.

महिना संपत आला. शिडीचा खोकला कोरडा झालाय, घडी घालताना थांबते, तोंड फिरवते. म्हणाली, मावशी, माझ्यासाठी एवढी धावपळ नका करू, धक्का तर धक्का. मी म्हणाले, वेडी का काय, मी हात घातलाय ना? ती म्हणाली, त्याचीच भीती वाटते.

२७ मार्च, गुरुवार

आज चोर पकडायचा म्हणून पहारा ठेवला. तिसरी चादर लावली, बाकावर बसले, डोळ्यात तेल घालून. सुट्टीची वेळ. बायका बदलून गेल्या. कडी शेवटी पडद्यामागे गेली. दारात शिडी आली, आपला नंबर येईपर्यंत उंबऱ्याबाहेर उभी. ती कधीच आत पाऊल टाकत नाही, बोलावल्याशिवाय.

पुढचं कसं झालं ते मला नीट आठवत नाही. समोर चादर लोंबत होती. टोकं खालीवर. असं लोंबतं ठेवलेलं मला बघवत नाही. हात आपोआप गेला. ओढली, झटकली, आणि सवयीने म्हणाले, धर गं! आणि शिडीने पण सवयीने धरलं. दोन पावलं आत येऊन. ताणली, जवळ आलो, टोकाला टोक.

आणि चादर खाली झाली तर मागे कडी. अर्ध्या कपड्यांत, हात छातीशी.

मी म्हणाले, अगं, एवढं काय दचकतेस, झाकण्यासारखं आहेच काय तुझ्याकडे? वातावरण हलकं करायला.

शिडीने माझ्या हातातलं टोक हिसकलं, घडी पुन्हा मोडली, चादर पसरून कडीभोवती धरली आणि स्वतः मान वर करून छताकडे बघत उभी राहिली. हात इतके लांब, की चारी बाजूंनी पुरली. म्हणाली, ताई, घाला सावकाश, मी बघत नाही.

आतून कडीचं रडणं ऐकू आलं. मग कपडे घालून ती बाहेर आली आणि ओरडली, पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने. हिला आधी खोलीबाहेर काढा! माझ्याच्याने नाही होत हिच्यासमोर!

संपलं. शिडी आत आलेली तिला सहन झालं नाही. बोट माझ्याकडे होतं म्हणा, पण रागात माणसाचं बोट कुठेही जातं. आता शिडी जाणार धक्क्यावर. वाईट वाटतंय. घरी येऊन जेवले नाही.

२८ मार्च, शुक्रवार

बायका माझ्याशी बोलत नाहीत. शिडीचं ठरल्यामुळे सगळ्यांच्या मनावर ओझं असणार. शिडीही नुसती घड्या घालते. आज तिने शिडी म्हटल्यावर ओ दिली नाही.

सोमवारी मिटिंग आहे. मी भाषण करणार. तिची बाजू मीच मांडणार, दुसरं आहे कोण? सूनबाईसमोर सराव केला. बायकांनो, असं सुरू केलं. शिडी काही वर्षांपूर्वी काय होती ते विसरा, आणि आज ती किती उंच आहे तेही विसरा. सूनबाई म्हणाली, हे वाक्य काढा. पुढचं म्हणून दाखवलं, तर म्हणाली, हेही काढा. काढत काढत बायकांनो एवढंच उरलं. म्हणाली, एवढ्यावर थांबलात तर ती वाचेल.

हिला वक्तृत्वातलं काही कळत नाही.

३१ मार्च, सोमवार

मिटिंग. रोलर बंद, सगळ्या गोल उभ्या. साहेब ट्रककडे पळायच्या तयारीत.

मी पुढे झाले. म्हणाले, बायकांनो. कडी म्हणाली, मावशी, आधी मी.

ती म्हणाली, साहेब, आमचं ठरलंय. शनिवारी डब्याच्या सुट्टीत सगळ्या बसलो होतो. (मला कसं नाही कळलं? मी तेव्हा घड्या घालत होते, बुडबुडाने मला मुद्दाम तातडीचं काम आणून दिलं होतं. योगायोग.) म्हणाली, कोपऱ्याला लाकडी आडोसा पाहिजे, दार आणि आतून कडी. चादर नको, चादर टिकत नाही. आणि ती येऊ दे आमच्या खोलीत. मला सवय व्हायला वेळ लागेल, मी खोटं बोलत नाही. पण त्या दिवशी मी उघडी पडले तेव्हा ती छताकडे बघत होती. असं कुणी बघत नाही, म्हणजे, असं न बघणारं माझ्या घरी पण कुणी नाही.

शिडीने तोंड फिरवलं. खोकला नव्हता या वेळी.

मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. म्हणजे माझ्या पडद्यानेच काम झालं की! मी तसं बोलून दाखवणार, तेवढ्यात बुडबुडा म्हणाली, साहेब, अजून एक. मावशींची वेळ वेगळी करा. आम्ही सगळ्या गेल्यानंतर.

साहेब म्हणाले, का, त्यांना काय झालं? बायका खाली बघायला लागल्या. मग एकीने सांगितलं वजनाचं, एकीने उसवलेल्याचं, एकीने वणाचं. एक म्हणाली, मी तीन वर्षं घरून आतून युनिफॉर्म घालून येते, उन्हाळ्यात पण. आणि चादर कोण काढतं ते आता सगळ्यांना कळलंय, गुरुवारी चोराला शोधताना मावशींच्याच हातात चादर होती.

साहेब हे सगळं ऐकून म्हणाले, ठीक. आणि या वेळी ट्रक आला म्हणत पळाले नाहीत, उलट मान हलवत उभे राहिले.

घरी येऊन विचार केला. ज्येष्ठांना वेगळी वेळ देतातच. मोठ्या ऑफिसांत मोठ्यांना वेगळी खोली असते. हा मानच आहे. सूनबाईला सांगितलं. तिने पहिल्यांदा मला चहा न मागता आणून दिला. त्याने जरा काळजी वाटली.

२ एप्रिल, बुधवार

माझी वेगळी वेळ सुरू. सगळ्या बदलून गेल्या की मी. पण साहेबांचा नवा नियम निघाला. फरशी ओली असते, म्हाताऱ्या बाईने एकटीने खोलीत राहायचं नाही, सोबत कुणीतरी पाहिजे. म्हातारी हा शब्द कुणी घातला ते शोधते आहे.

मला वाटलं, आता कोण थांबणार? सगळ्या तर पळाल्या घरी. बसले बाकावर, मधोमध. आणि दार वाजलं. वाजवून, थांबून, ये म्हटल्यावर शिडी आत आली.

मला इतकं भरून आलं! मी म्हणाले, पोरी, मी तुझ्यासाठी एवढं केलं त्याची तू जाण ठेवलीस. बाकी सगळ्या गेल्या, पण तू स्वतःहून माझ्यासाठी थांबलीस ना?

ती म्हणाली, नाही मावशी, चिठ्ठ्या टाकल्या. तुमच्याबरोबर कोण थांबणार याच्या. सगळ्यांच्या नावाच्या, माझ्या पण. माझी निघाली. मी म्हणाले, पुन्हा उचला, मी नवीन आहे. तर कडी म्हणाली, अजिबात नाही, खोलीतल्या सगळ्या बायकांना नियम सारखा, नाव निघालं की भोगायचं.

यावर मला पुष्कळ बोलता आलं असतं. तिच्या नव्या चपलांपासूनच सुरुवात करणार होते. पण ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. दोन्ही कानांत बोटं घालून.